सुरू होण्याआधीचे अकरा सेकंद

हर्णै बंदरात, बर्फाच्या कारखान्यामागे
मच्छीमार सोसायटीचं ऑफिस :
एक टेबल, दोन खुर्च्या, आणि कॉम्प्युटर,
ज्याच्या पंख्यात सुकटीचा वास कायमचा राहायला आलाय.
मी त्याची वैद्य. दापोलीहून एसटीनं येते.
खारा वारा सहा महिन्यांत स्क्रू खातो,
मी नवे बसवते.

आत डिझेलचा कोटा, बोटींचे परवाने,
आणि कुणाकडे किती थकलंय
(ते बाहेर फुटलं तर शिमग्यापर्यंत भांडणं पुरतील).
म्हणून डिस्कला कुलूप घातलं.
मग किल्लीचं काय करायचं, हा प्रश्न उरला.

आधी ती माणसात ठेवली.
यंत्र उठताना, पडदा अजून काळा असताना, विचारायचं :
परवलीचा शब्द?
सेक्रेटरी जनार्दन पावसे चष्मा कपाळावर चढवून
दोन बोटांनी बावीस अक्षरं ठोकायचे.
मला म्हणायचे, जरा पाठ कर.
मी पाठ करायची. समुद्र बघायची.

कार्तिकातल्या वादळानंतर दोन रात्रींनी
पहाटे तीनला वीज आली. यंत्र आपणहून उठलं,
विचारलं, आणि थांबून राहिलं.
पावसे डेरवणला, तोंडावर ऑक्सिजन.
डिझेलला एकतीस बोटी रांगेत.
कुणीतरी त्यांच्या कानाला फोन लावला.
त्यांनी मान हलवली म्हणे.
आठवत नव्हतं, की नर्ससमोर सांगायचं नव्हतं,
ते मला अजून कळलेलं नाही.

मग किल्ली चिपमध्ये ठेवली.
नखाएवढी काळी चिप. ती फक्त एवढंच बघते :
कालचंच फर्मवेअर? कालच्याच क्रमानं?
हो, तर मूठ उघडते.
वीज आली की यंत्र उभं, डिझेल चालू, सगळे खूश.
माझी झोप तेवढी उडाली.
कारण आता जो हा डबा बगलेत मारून नेईल
त्याच्या घरीही तो तितक्याच आज्ञाधारकपणे उघडेल.

आणि ते अकरा सेकंद.
चिप देते फर्मवेअरला, फर्मवेअर पुढच्याला, तो त्याच्या पुढच्याला,
कमरेएवढ्या पाण्यातून पाटी हातोहात काठावर यावी तशी.
प्रत्येक हाताला थोडे खवले चिकटतात.
धुवायला हवेत, जाण्याआधी आपल्या जागी शून्यं लिहायला हवीत.
एकदा मेमरी उपसून पाहिली :
अख्खी किल्ली तळाशी पडलेली,
पाटीत विसरलेल्या पापलेटासारखी, डोळे उघडे.
पुसून टाकावी, तर मधेच यंत्र फिरवून सुरू केलं की
ते रिकाम्या हातानं पुन्हा माणसाला हाका मारतं.

बाहेर धाकू चोगले जाळं विणत होते.
काय पुटपुटतेस, म्हणाले. सांगितलं.
हसले. सुई दातात धरून म्हणाले,
"माझ्या बापानं खडपाची खूण मरंपर्यंत सांगितली नाय.
किल्ल्याचा बुरूज नि डोंगरावरचा सुरू एका रेघेत आला, की मग…
त्या 'मग'वर गेला तो.
भावाला एक खूण ठाऊक होती, त्यानं दारूत सांगितली.
आठवड्यात चौदा होड्या तिथं.
म्हणून मी अर्धी थोरल्याला दिली, अर्धी सुनेला.
दोघं बोलत असली तरच मासा."
"आणि भांडली तर?"
"मग मासा वाचला."

मी आत गेले, दोन दिवस खपले.
अर्धं चिपमध्ये. अर्धं सहा आकड्यांत,
तीन जणांच्या तोंडी, आणि बँकेत लाखेनं बंद पाकिटात.
चुकीचे आकडे पाच वेळा, की चिप मूठ आवळते.
पहाटे तीनला वीज आली तर कुणाला तरी उठावंच लागेल.
तेवढं राहिलंय. तेवढं मी ठेवलंय.

बुधवारी वीज गेली, आली.
सुगंधा पेडणेकर ओल्या हातानं आकडे दाबायला बसली.
"तुम्हीच बसवलंय ना हे, तुम्ही कशाला वळता?"
मी वळलेच होते.
भरती अजून पुरती आली नव्हती.
मागे पंखा कुरकुरला, आणि फिरला.